साळूबाईचा पाक

'मुळशीचा शुद्ध मध' अशी पाटी लावून ताम्हिणीच्या रस्त्याला बसलेल्या निम्म्या लोकांनी जन्मात मधमाश्यांची पेटी उघडलेली नसते. विश्रामनं हयात पेट्यांत घालवली, आणि तो रस्त्याला कधी बसला नाही. गिऱ्हाइकानं वाडी चढून यायचं, ओसरीवर टेकायचं, त्याच्या बायकोच्या, साळूबाईच्या हातचा चहा प्यायचा, विश्रामचे चार टोमणे ऐकायचे आणि मग मध न्यायचा. मी गेले होते ती मधासाठी नाही, सहीसाठी. डोंगर फोडून बंगल्यांचे प्लॉट पाडायचं घाटत होतं, त्याविरुद्धच्या अर्जावर वाडीच्या सह्या हव्या होत्या.

त्यानं अर्ज ऐकून घेतला आणि म्हणाला, "ताई, ह्यात हिरड्याचं नाव कुटं आलं न्हाई ते?"

"हिरड्याचं कशाला?"

"डोंगर तुमच्या बापाचा न्हाई आन् माझ्या बी न्हाई. हिरडा फुलतुया तवर माश्या हायेत. लिवा त्यात, मग देतो सही."

मला राग आला. मला कुणी शिकवलेलं खपत नाही. मी शाळेत जेवढी बसले त्याहून जास्त पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेय. पण लिहिलं. त्यानं सही केली आणि वर विचारलं, "तुमच्या मोर्च्यात जेवाण असतं का नुस्त्याच घोषणा?" तिथून पुढं तो जाईपर्यंत आमचं भांडण चालू राहिलं.

मुख्य भांडण पेट्यांवरून. घरामागं जांभळाखाली दगडी चौथऱ्यावर त्याच्या चार पेट्या. सातेरी माशी, आपल्या डोंगरातली, काळसर, चपळ, मनात आलं तर पोळं सोडून सरळ निघून जाणारी. विश्रामच्या लेखी पेटीला देव्हाऱ्याचं सोवळं होतं. आंघोळीशिवाय जायचं नाही. तंबाखू मळून जायचं नाही. घरात सुतक असेल तर तेरावं होईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. आणि बाईमाणसानं तर जांभळाच्या पुढं पाऊलच टाकायचं नाही. का, तर विटाळ.

मी एकदा चिडून म्हटलं, "आतमध्ये राज्य राणीचं आहे ना? ती बाईच की!"

"हाय की. पर ती कुटं घराभायेर पडतीया?" असं म्हणून तो असा हसला की पडलेल्या दाढेची जागा दिसली.

साळूबाई दारातून म्हणाली, "ज्ञानदा, नादी लागू नको बाई. ह्यांच्या तोंडाला माश्या बी भेत्यात."

तिलाही हसू येत होतं. मला येत नव्हतं. पोळ्यात राज्य बाईचं आणि पेटीवर राज्य विश्रामचं, हे मी त्याला तोंडावर ऐकवलं. त्यानं "व्हय" म्हणून मान हलवली, जणू मी त्याची बाजूच घेतली.

पण साळूबाईचा पेट्यांत वाटा होता. पाक ती करायची. पावसाळ्यात रानात फूल नसतं, माशी उपाशी राहते, तेव्हा तिला साखरेचा पाक द्यावा लागतो. साखर पाण्यात उकळायची, मळी काढायची, पण तार येऊ द्यायची नाही. निवला की पाण्यासारखा वाहिला पाहिजे. लग्न होऊन आल्यापासून तो पाक तिच्या हातचा. विश्राम पातेलं घेऊन जांभळाकडे जायचा, आणि तिथून पुढं त्या पाकाचं काय होतं ते तिनं कधी पाहिलं नाही. दुसरा वाटा काट्याचा. माशी चावली की तो येऊन ओसरीवर बसायचा, हात पुढं करायचा, आणि ती नखानं खरवडून काटा काढायची. चिमटीत धरायचा नाही, नाहीतर उरलंसुरलं विष आत जातं. हे त्यानंच तिला शिकवलेलं. त्याच्या दुखण्याचं शिकवलं. माश्यांच्या भुकेचं शिकवलं नाही.

मुलगा निरंजन भूगावला फ्लॅटमध्ये राहतो, कंपनीत कामाला आहे. त्याला लहानपणी माशी चावली की तोंडाचा भोपळा व्हायचा, म्हणून त्याला लांब ठेवलं. साळूबाईला बाई म्हणून लांब ठेवलं. सगळी विद्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यात.

ज्यांना मध फक्त बाटलीत माहीत आहे त्यांना वाटतं, मध काढला की मधपाळाचं वर्ष संपलं. विश्रामची खरी धांदल तिथून सुरू व्हायची. हिरड्याचा फुलोरा सरला की वरच्या खणातला मध काढायचा. ठेवला तर आमच्याकडच्या पावसात ओल धरून आंबतो, आणि तोच खाऊन माश्यांचं पोट बिघडतं. जुनी काळी पडलेली पोळी कापून टाकायची, नाहीतर मेणकिडा लागतो. पेटीचं दार ओल्या मातीनं लिंपून बारीक करायचं, एक माशी जाईल, एक येईल एवढंच. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. आणि सगळ्यात शेवटी पेटीवर पानांचं इरलं बांधायचं. भातलावणीला आता सगळे प्लास्टिक पांघरतात. वाडीतली जुनी इरली विश्रामनं गोळा करून माळ्यावर ठेवली होती. पावसात त्याच्या पेट्या लांबून बघितल्या तर चार म्हाताऱ्या वाकून लावणी करतायत असं वाटायचं.

यंदा हिरडा फुलला आणि अवकाळीनं झोडपला. दोन पेट्या तरी जोमात होत्या. दोन मात्र खंगल्या होत्या, माश्या थोड्या, खालच्या खणात साठा नाही. तरी त्यानं एका दुपारी चारही पेट्यांचा मध काढला. संध्याकाळी दोन जोमदार पेट्यांना पाक दिला, दारं बारीक केली, इरली बांधली. तेवढ्यात पाक संपला. साळूबाई म्हणाली, लगेच करते. तो म्हणाला, "निवू दे रातभर. त्या दोघींचं उद्या सांजंला करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावरून उरलेली इरली काढताना तो शिडीच्या खाली बसला. छातीत जाळ होतोय म्हणाला. वाडीतल्या जीपमधून पौडच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर धरणाच्या वळणावरच साळूबाईच्या मांडीवर मान टाकली त्यानं.

मी पोचले तोवर अंगणात माणसं जमली होती. साळूबाई भिंतीला टेकून बसलेली. रडत नव्हती. मला जवळ बोलावून कानात म्हणाली, "दोन पेट्या उपाशी हायेत गं."

मला वाटलं, दुःखानं बडबडतेय. ती बडबडत नव्हती. नवरा गेला होता, तो परत येणार नव्हता, हे तिला चांगलं कळत होतं. त्याचं अर्धं राहिलेलं काम मात्र जांभळाखाली जिवंत होतं, आणि ते जगलं पाहिजे एवढं एकच तिनं धरून ठेवलं होतं. तेराव्याला ते जिवंत त्याच्या नावानं दाखवायचं, असं काहीतरी तिच्या मनात होतं.

आणि आडवं आलं सुतक. वाडी सगळी एकाच भावकीची, म्हणजे पेटीला हात लावू शकेल असा एकही बाप्या वाडीत उरला नाही. निरंजन मुंडण करून बसलेला. मी म्हटलं, मी करते, मला ना सुतक ना सोयर.

"तू बाई हायेस."

"मग पौडवरनं एखादा माणूस आणते."

"कुणाचा बी हात लागू द्यायचा न्हाई. एकनाथ भावजी आलं तर करतील."

एकनाथ म्हणजे पाण्यापलीकडच्या गावचा मधपाळ, विश्रामचा जोडीदार, दोघांनी मिळून कपारींतल्या माश्यांच्या वसाहती धरून पेटीत आणलेल्या. तो लेकीकडं कोकणात उतरलेला, आणि त्याचा फोन लागत नव्हता. मी रोज लावायचे. रोज तीच बाई सांगायची, संपर्क होऊ शकत नाही.

मधेच एकदा माझं डोकं फिरलं. मी सरळ जांभळाकडं चालायला लागले. साळूबाई उठली, माझ्यापुढं येऊन उभी राहिली. एवढीशी बाई, माझ्या खांद्याला लागणारी.

"साळूबाई, बाजूला हो. उपाशी मारशील त्यांना."

"मरतील. पर त्यांचा सबूद मोडायचा न्हाई मला. जितेपणी मोडला न्हाई."

"तो शब्दच खुळचट होता!"

"असंल खुळचट. माझाच नवरा व्हता न्हवं? तुजा न्हवता."

निरंजन मधे पडला. "मावशी, जाऊ द्या ना. चार पेट्या तर आहेत. आईला त्रास नको." त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्याला पेट्या म्हणजे लाकडाची खोकी दिसत होती. मी तोंडाला येईल ते बोलून तिथून निघाले.

पुढं दोन दिवसांनी दुपारी साळूबाईचाच फोन आला. आवाजात एवढा आनंद, की क्षणभर मला ओळखूच आला नाही.

"ज्ञानदा, तोड काढली गं मी!"

"कसली?"

"झाकणाला हात लावायचा न्हाई ना? मग न्हाई लावला. जांभळाच्या पुढं बी गेले न्हाई. पाक ताजा केला, ताटलीत वतला, आन् काठीनं ताटली पुढं सरकवली, बराब्बर त्या दोन पेट्यांच्या म्होरं. अगं, काय सांगू! घटकाभरात जत्रा भरली. ही गर्दी! नाचत्यात नुस्त्या. पेटीत आत-भायेर, आत-भायेर. ऐक, ऐक, आवाज येतो का?"

तिनं फोन तिकडं धरला असावा. मला फोनमधून चांगलाच मोठा घूं ऐकू आला. मग ती हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली, "त्यांना म्हणावं, बघा, केलं का न्हाई तुमच्या सबदात राहून."

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथचा फोन लागला. त्याला विश्रामचं तेव्हाच कळलं. मग त्यानं विचारलं, पेट्यांचं कसं आहे. मी ताटलीचं सांगितलं. मला वाटलं, खूश होईल.

"भायेर?" तो म्हणाला. "दिवसाउजेडी?"

"हो."

"अरं देवा," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

तो दुपारपर्यंत आला, मी त्याच्या आधी थोडी पोचले. साळूबाई जांभळाच्या अलीकडच्या बाजूला उकिडवी बसली होती. दोन्ही खंगलेल्या पेट्यांपुढची जमीन काळी दिसत होती. जवळ गेले, तिनं अडवलं नाही. बघितलं तर मेलेल्या माश्या. काही एकमेकींना पायांत धरून तशाच मेलेल्या. पंखांच्या चिंध्या. त्यांच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. ताटली लख्ख, धुतल्यासारखी.

एकनाथ आला तो चप्पल काढून सरळ चौथऱ्यावर गेला. घरच्या सुतकाशी त्याचा संबंध नव्हता. त्यानं पहिल्या पेटीचं झाकण उचललं, लगेच ठेवलं. दुसऱ्या पेटीत जरा वेळ बघत राहिला. एक चौकट वर काढली. पोळ्याची भोकं कडेनं कुरतडलेली, मेणाचा भुगा तळाशी. चौकटीच्या कोपऱ्यात मूठभर माश्या गोळा होऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये राणी, लांबट, पोट आखडलेली. मेलेली. त्या जिवंत मूठभर तिला अजून घेरून बसल्या होत्या.

"भावजी," साळूबाईनं विचारलं, "भुकेनं गेल्या का?"

एकनाथनं चौकट परत ठेवली. माझ्याकडं बघितलं. खोटं बोलावं की काय ते त्याला ठरवता येत नव्हतं. मी सुद्धा काही खूण केली नाही. खोट्याचा मला संताप आहे, पण त्या घडीला मला सुद्धा वाटलं, बोल बाबा, भुकेनं गेल्या म्हण.

"वैनी, माश्या भुकेल्या आसल्या ना, म्हंजी..."

"माझ्या पाकानं गेल्या?"

तो खाली बसला. "पाकानं न्हाई. पाक भायेर ठिवला म्हणून. उन्हात वास सुटतो. तगड्या पेटीच्या माश्या येत्यात. ताटली संपली की वास हुडकत मरतुकड्या पेटीत घुसत्यात. लूट म्हणत्यात तिला. ह्या दोघींचं दार बी लिंपलेलं न्हवतं, त्याला येळच मिळाला न्हाई. उघड्या दारानं घुसल्या. हितल्या माश्या थोड्या. लढल्या. पर किती लढणार?"

साळूबाई त्या दोन जोमदार पेट्यांकडं बघत होती. इरली पांघरून त्या शांत होत्या, बारीक दारातून एक माशी जात होती, एक येत होती.

"म्हंजी काल नाचत व्हत्या त्या..."

एकनाथनं मान डोलावली.

"मी हसले गं ज्ञानदा," ती मला म्हणाली. "हितं बसून बघत व्हते. त्या मरत व्हत्या आन् मी हसत व्हते."

मी तिच्याजवळ बसले. तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं हात झटकला. मग ती एकनाथला म्हणाली, "मग त्यो कसा द्यायचा? पाक?"

"सांजंला. सगळ्या माश्या घरात आल्या की. झाकण उचलून आत ठिवायचा."

"मला दाव."

"वैनी, सुतक..."

"मला दाव म्हणते ना!"

संध्याकाळी उरलेला पाक तिनं कोमट केला. पातेलं स्वतः घेऊन निघाली. जांभळापाशी क्षणभर थांबली, पदर खोचला आणि पुढं गेली. निरंजन ओसरीवरून बघत होता, त्यानं अडवलं नाही. एकनाथनं जोमदार पेटीचं इरलं सोडलं, झाकण उचललं. माश्यांचा आवाज एकदम वाढला आणि परत खाली बसला. त्यानं एक करवंटी आत वरच्या रिकाम्या खणात ठेवली. "वता."

तिनं ओतलं. थोडा पाक पट्टीवर सांडला. त्यानं बोटानं पुसून घेतला. मग गवताच्या चार काड्या मोडून पाकावर टाकल्या. "ह्याच्यावर बसून पित्यात. न्हाईतर बुडत्यात." झाकण ठेवलं. इरलं बांधलं.

साळूबाई तशीच उभी.

"पुढं?"

"पुढं काय न्हाई."

"एवढंच?"

"एवढंच वैनी."

ती खाली बसली. तेव्हा रडली. तो गेल्याच्या दिवशी रडली नव्हती तशी, तोंड उघडं टाकून, गळा फाडून. आणि रडता रडता बोलत होती, आम्हा कुणाशी नाही. "आरं, एवढंच व्हतं तं सांगायचं न्हाई व्हय रं मला? जल्मभर पाक केला मी. एकदा म्हणायचं, साळे, काड्या टाक. साळे, सांज होऊ दे. माझ्या विटाळानं मरतील म्हणायचास. आता कशानं मेल्या? सांग की! आता गप का?" नवऱ्याला अरेतुरे करताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं. आणि मला विश्रामचा असा संताप आला की तो समोर असता तर मी त्याच्या तोंडावर पातेलं फेकलं असतं. आणि त्याच वेळी कळत होतं की तो समोर असता तर तिनं मला त्याच्या अंगाला बोटसुद्धा लावू दिलं नसतं.

दुसऱ्या जोमदार पेटीला पाक तिनं एकटीनं दिला. एकनाथनं फक्त झाकण धरलं.

तेरावं झालं. त्या दिवशी एकनाथ म्हणाला, "वैनी, कळलंय आता तुमाला. गणपतीनंतर मी दोन वसाहती आणून देतो. चाराच्या चार करू."

"न्हाई. ह्या दोन बी घेऊन जावा."

"आवं, ह्या चांगल्या हायेत."

"चांगल्या हायेत म्हणूनच तर." ती चुलीपुढं बसून राखेत काडीनं रेघा मारत होती. "त्यांचा दोष न्हाई. दिसलं ते त्यांनी खाल्लं. पर मला रोज उठून त्यांच्याकडं बघवायचं न्हाई, भावजी. आन् ज्यानं सांगायला पायजे व्हतं त्यानं सांगितलं न्हाई, ते आता मी तुमच्याकडनं शिकून काय करू?"

मी म्हटलं, "शीक ना. त्याच्या नाकावर टिच्चून शीक."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "तुजं भांडण व्हतं त्यांच्याशी. माझं न्हवतं. माझा संसार व्हता."

मी उठून एकनाथबरोबर अंगणात आले.

सांजेला सगळ्या माश्या आत आल्यावर एकनाथनं दारात गवताचा बोळा कोंबला आणि पेट्या जीपमध्ये ठेवल्या. साळूबाई बाहेर आली नाही. जीप सुरू झाली तेव्हा आतून तिचा आवाज आला, "भावजी, सांभाळून. वळणावर हळू घ्या."

मग तिनं दार लोटलं.